तात्सुजीची नवरी

मेलेल्यांची लग्नं लावणारी बाई, अशी शिनोएची आमच्या खोऱ्यात ओळख होती.

लग्न चित्रातलं, लाकडी फळीवर रंगवलेलं. ज्यांची मुलं बोहल्यावर चढायच्या आधीच गेली, ते आईबाप तिच्याकडे यायचे. शिनोए मुलाचा फोटो समोर ठेवून त्याला काळा किमोनो चढवायची, हातात पंखा द्यायची आणि शेजारी पांढऱ्या वस्त्रातली, कपाळापर्यंत पांढरी खोळ ओढलेली नवरी बसवायची. मूल पाळण्यात गेलेलं असलं, तरी तिच्या चित्रात ते वाढून लग्नाच्या वयाचं झालेलं असायचं. मग ते चित्र डोंगरावरच्या कान्नोनदेवीला वाहायचं. बुवा सूत्र म्हणणार, नवऱ्याचं नाव घेणार, नवरीचं नाव घेणार, की झालं लग्न. आमच्या बोलीत त्याला मुकासारी म्हणतात. देवळाच्या भिंतींवर अशी जोडपी दाटीवाटीनं बसली आहेत. कुणी लढाईत गेलेला, कुणी तापात, कुणाला नदीनं नेलेलं. सगळे नटूनथटून, सगळे गप्प.

या कामात एक गोष्ट मात्र कुणी करायची नसते. नवरी कुणाची लेक असता कामा नये. जिवंत मुलीचा चेहरा चित्रात उतरला आणि त्यावर सूत्र म्हटलं गेलं, तर मेलेला तिला न्यायला येतो. म्हणून शिनोए एक भुवई बाहुलीची घ्यायची, हनुवटी एखाद्या जुन्या मूर्तीची, मान पाणवठ्यावरच्या बगळ्याची. सगळी जुळवाजुळव करून अशी पोर घडवायची, की जिच्यासाठी या जगात कुणी रडणार नाही. आणि शिंपल्यांची पांढरी भुकटी सरसात कालवण्याआधी आईबापांना एकच विचारायची, "ही जिवंतांपैकी कुणाची लेक नाही ना?"

"नाही," ते म्हणायचे. मग ती कुंचला उचलायची आणि आमच्याकडे लेक सासरी निघताना म्हणतात ते गाणं गुणगुणायची:

*बर्फ पडतो बाई, वाट पांढरी पांढरी*
*खोळ ओढून निघाली, कुण्या घरची नवरी*

तोमी आली ती काकी नावाची केशरी फळं दारोदारी सुकायला टांगतात त्या दिवसांत. नदीपलीकडच्या सावाबुचीची शेतकरीण, विधवा. तिचा एकुलता एक मुलगा तात्सुजी गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढताना गेला होता. छपरावरचा सगळा थर एकदम सुटला आणि त्याला घेऊन खाली आला.

नवरी कशी हवी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"उंच नको. तात्सुजीच्या खांद्याला लागेल एवढीच. चेहरा गोल." शिनोएनं कोळशानं रेघ ओढली, तशी तोमी पुढे वाकली. "अहो, इतका गोल? नवरी आहे ती, नवीन वर्षाचा तांदळाचा गोळा नाही."

शिनोए हसली. पुसून पुन्हा काढलं.

"डोळे जरा दूर दूर. हां. आणि डाव्या भुवईत एक चीर. बारीकशी."

"चीर? लग्नाच्या चित्रात?"

"लहानपणी पडली असेल कुठंतरी. पोरी पडत नाहीत का?"

तोमी पुन्हा पुन्हा येत राहिली. कधी वरचा ओठ जरा पुढे हवा असायचा, कधी कानाची पाळी लहान. शिनोएला तिचं कौतुक वाटायचं. बाकीचे आईबाप 'सुंदर काढा' म्हणून मोकळे व्हायचे. ही बाई मात्र लेकासाठी हवेतून एक माणूस विणत होती, टाका टाका घालून.

रंगाच्या दिवशी शिनोएनं नेहमीचा प्रश्न विचारला.

तोमीनं दाराशी टांगलेल्या फळांकडे बघितलं. "स्वप्नात येते माझ्या," ती म्हणाली. "दाराशी उभी राहते. आत काही येत नाही."

शिनोएचे डोळे भरून आले. तोमी 'नाही' म्हणालीच नव्हती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिनं कुंचला पांढऱ्यात बुडवला.

चित्र पुरं झालं तेव्हा पहिला मोठा बर्फ पडून गेला होता. तोमी सकाळीच आली. जांभळ्या कापडात चित्र गुंडाळलं, लहान बाळ घेतात तसं दोन्ही हातांवर घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

"दुपारच्या घंटेला बुवा सूत्राला बसणार आहेत," म्हणाली आणि पायऱ्यांच्या वाटेला लागली.

शिनोएनं कुंचले धुतले. काम हातावेगळं झालं की ती स्वयंपाक करत नसे, पायऱ्यांखालच्या दुकानातून सोबाच्या शेवया मागवायची. आजही मागवल्या होत्या.

"शेवया!" दार सरकलं. "आजी, लवकर धरा, भांडं भाजतंय हाताला!"

दुकानात नवीन आलेली मुलगी होती. थंडीसाठी डोक्याला पांढरा पंचा बांधलेला, कपाळावर ओढलेला, कानांवरून आणून हनुवटीखाली गाठ मारलेली. पांढऱ्या चौकटीत गोल चेहरा, दूर दूर डोळे.

शिनोएचे हात पुढे झाले आणि तिथंच थांबले.

"असं काय बघताय? नाकाला पीठ लागलंय का?"

"भुवईला काय झालं गं?" शिनोएचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"ही होय? लहानपणी विळ्यावर पडले. आई म्हणायची, आता हिचं लग्न जमत नाही. जमलं की नाही बघा! वसंतात आहे. आमच्या दुकानाच्या केन्साकूशीच. त्याला विचारलं, माझी भुवई चालेल का, तर म्हणतो, कुठली भुवई? मी तर तुझी पीठ मळायची रीत बघून हो म्हटलं. असला मेला!"

"नाव काय तुझं?"

"मासायो. गाव सावाबुची, नदीपलीकडे."

शिनोएनं भांडं खाली ठेवलं. रस्सा सांडला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "तिथल्या तोमीबाईंना ओळखतेस?"

मुलीचं हसू उतरलं. तिनं पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्हाला कुणी सांगितलं? तात्सुजी आमच्याच छपरावरून पडला. म्हणजे माझ्या आजीच्या घराच्या. कुणी बोलावलं नव्हतं हो त्याला. आपणहून फावडं घेऊन आला. मी अंगणात होते, म्हणूनच आला असेल."

"तुझं त्याच्याशी काही...?"

"नाही आजी. तो बघायचा. मी नजर चुकवायचे. तेवढंच." ती वळली. "चला, बुवांच्या शेवया न्यायच्यात वर. घंटेला गरम लागतात त्यांना."

उंबरठा ओलांडला तेवढ्यात तिचा पाय सटकला. तिनं दाराची चौकट धरली, पुढे झेपावली आणि सावरली. त्याच क्षणी वळचणीचा हातभर लांब बर्फाचा सुळा सुटला आणि ती जिथं उभी होती तिथं येऊन फुटला. काचांसारखे तुकडे आतपर्यंत उडाले.

"अगं बाई! वाचले!" ती खदखदून हसली.

शिनोएनं तिची बाही धरली. "आज वर जाऊ नकोस. मी नेते बुवांचं."

"तुम्ही? मग तुम्हाला न्यायला आणखी कोणीतरी लागेल!" असं म्हणत ती पळालीसुद्धा, दुकानाकडे, ताज्या शेवया आणायला.

तिला खरं काय ते सांगावं? शिनोएच्या मनात आलं आणि तिथंच विरलं. हे एकदा कानात पडलं, की पोरगी जन्मभर प्रत्येक तापात, प्रत्येक निसरड्या पायरीवर तात्सुजीची वाट बघत बसेल. न नेताच नेल्यासारखं. तिनं रंगांची पेटी काखेत मारली, गवताचे जोडे चढवले आणि डोंगराची वाट धरली.

पायऱ्यांवर बर्फ दाबून दाबून काचेसारखा झाला होता. शिनोए एका हातानं देवदारांच्या खोडांना धरत होती, दुसऱ्या हातानं पेटीला. छातीत भाता चालावा तसा श्वास चालला होता. खालून, लांबून, कुणीतरी भरभर चढत येत असल्याचा आवाज येत होता. तरण्या पायांचा. शिनोएनं मागं वळून बघितलं नाही. बोलता बोलता पोरगी तिला गाठेल, पुढे जाईल आणि आपल्याच लग्नात शेवया घेऊन पोचेल.

देवळात उदबत्तीचा वास दाटला होता. भिंतींवरची जोडपी खाली बघत होती. देवीपुढच्या चौरंगावर चित्र उभं केलेलं होतं, समोर तोमी गुडघ्यांवर बसली होती. बुवा दिसत नव्हते. आतल्या खोलीतून निखारे चाळवल्याचा आवाज येत होता.

चित्रात मासायो खाली बघत बसली होती. पांढऱ्या खोळीत, जिवंत.

शिनोएला धावत जाऊन ते ओढून काढावंसं वाटलं. पण देवीला वाहिलेलं ज्यानं वाहिलं त्याच्याच हातानं उचलायचं असतं. दुसऱ्याचा हात लागला तरी वाहिलेलं वाहिलेलंच राहतं. आणि सूत्र सुरू झाल्यावर तर वाहणाऱ्यालाही ते परत घेता येत नाही.

ती तोमीच्या शेजारी जाऊन बसली. "चित्र उचला, तोमीबाई."

तोमीनं मान वळवली नाही. "सुकलंय ते नीट."

"डाव्या भुवईला चीर आहे. विळ्यावर पडलेली. सोबावाल्याकडे शेवया पोचवते."

तोमीनं चौरंगावरचं एक फूल सरळ केलं. "म्हणजे भेटली तुम्हाला."

"मी विचारलं होतं तुम्हाला!"

"आणि मी काय म्हणाले? स्वप्नात येते म्हणाले. येतेच. खोटं बोलले का?"

"पोरगी जाईल हो."

"रंगानं कुणी जात नाही, शिनोएबाई." तोमीचा आवाज अगदी सपाट होता. "माझा गेला तो बर्फानं गेला. त्यांच्या छपराच्या बर्फानं. त्यांनी काय पाठवलं माहितेय? सफरचंदांची पेटी. पोरगा गेला आणि सफरचंदं आली. मी ती खाल्लीसुद्धा. सडवायची कशाला?"

आतून खोकल्याचा आवाज आला. बुवा उठले होते.

"रंगानं काही होत नाही ना?" शिनोए कुजबुजली. "मग कशाला आणलंत हे इथवर? चुलीत घाला. ऊब तरी येईल."

तोमीनं ओठ आवळले.

"चित्र तात्सुजीपर्यंत पोचतं, म्हणूनच आणलंत. पोचतं, हे मीही मानते, नाहीतर जन्मभर काय केलं मी? पण तो ज्या वाटेनं येईल, त्याच वाटेनं तिला जावं लागेल. एका डोळ्यानं खरं मानायचं आणि दुसऱ्यानं खोटं, असं देवीपुढे चालतं का?"

तोमीचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून होते. "त्याला दुसरी कुणी नको होती," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "लहानपणापासून कधी काही मागितलं नाही पोरानं. गोड नाही, नवे जोडे नाहीत. एक तिच्याकडे बघायचा तेवढं. मी एवढंही देऊ नको?"



पडदा बाजूला झाला. एइशुन बुवा गारठलेले पाय घासत आले. "कोण, शिनोए? तूही आलीस? बरं झालं. लग्नाला वऱ्हाड हवंच." ते गादीवर बसले, पितळी वाटी वाजवली. नाद सगळ्या जोडप्यांवरून फिरला आणि विरला. उदबत्ती लागली.

"नवऱ्याचं नाव?"

"शोजी तात्सुजी," तोमीनं आडनावासकट सांगितलं.

"नवरीचं?"

बाहेर दुपारची घंटा पडू लागली. एकेक ठोका छातीवर पडल्यासारखा. तोमीनं चित्राकडे बघितलं. तिनं श्वास आत घेतला. 'म' म्हणताना मिटतात तसे तिचे ओठ मिटले. शिनोएनं डोळे गच्च मिटून घेतले.

"बुवा, शेवया!"

लाकडी ओसरीवर पावलं वाजली. दार सरकलं, थंडीचा लोट आत आला. मासायो, नाक लालबुंद, डोक्यावरच्या पंच्यावर बर्फाची भुरभुर. "कुठं ठेवू? तिथं आजी सांडतात, इथं तुम्ही..." आणि तिला तोमी दिसली.

तिनं तबक दाराशीच ठेवलं. बसली, दोन्ही हात टेकवले आणि कपाळ फरशीला लावलं.

"तोमीकाकू." आवाज खालून, फरशीतून आल्यासारखा येत होता. "मी यायला हवं होतं तुमच्याकडे. निघते हो. दर सुट्टीला निघते. पुलापर्यंत येते. मग पाऊलच पुढे पडत नाही, परत फिरते."

तोमी हलली नाही. स्वप्नातली ती, दाराशी येऊन उभी राहणारी, आत न येणारी, आता फरशीवर वाकून रडत होती. तिच्या पाठीवरून वाफ निघत होती. स्वप्नातल्या माणसांच्या पाठीवरून वाफ निघत नाही.

"तो घसरला तेव्हा मी खालून ओरडले होते," मासायो म्हणाली. "त्याचं नाव घेऊन. पहिल्यांदाच घेतलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, काकू. छपराकडे बघायच्या ऐवजी." आणि ती मान वर उचलू लागली.

चित्र तिच्या बरोबर समोर होतं. मान वर झाली असती, तर आपलाच चेहरा, मेलेल्याच्या शेजारी.

तोमीचे गुडघे गेली कित्येक वर्षं दुखत होते. खाली बसली की तिला कुणाचा तरी हात धरून उठावं लागे. पण ती उठली कशी, हे शिनोएलाही दिसलं नाही. फुलं पडली, मेणबत्ती कलंडली. तोमी चौरंगावर झेपावली आणि चित्र छातीशी कवटाळून वळली. चेहरे आत, कोरी पाठ बाहेर.

"काय झालं?" मासायो दचकली. "काय आहे ते?"

"माझ्या पोराचं लग्न आहे," तोमी धापा टाकत म्हणाली. "तू बघायचं नाहीस. तुझंच व्हायचंय अजून. दुसऱ्याची नवरी बघू नये आधी."

"असं असतं?"

"असतंच मुळी. कुणी शिकवलं नाही का तुला? जा आता. दुकान उघडं टाकून आली असशील." मासायो डोळे पुसत उठली, दाराशी गेली. तोमीचा आवाज तिच्या मागं धावला. "आणि कठड्याला धरून उतर! डावीकडून चालू नकोस, तिथं गुळगुळीत झालंय. ऐकलंस का?"

"ऐकलं, काकू."

पावलं खाली गेली. देवळातले तिघंही ती ऐकत राहिले, एकेक, अगदी ऐकू येईनाशी होईपर्यंत. कुठेच पडल्याचा आवाज आला नाही.

बुवांनी कलंडलेली मेणबत्ती उभी केली. "वाहिलेलं उचललंस, तोमी."

"नवरीचं तोंड पुसायचं राहिलं होतं," तोमी म्हणाली.

बुवांनी शिनोएकडे बघितलं, शिनोएनं आपल्या रंगांच्या पेटीकडे. बुवांनी काही विचारलं नाही. आतून किटली आणली, कोमट पाणी वाडग्यात ओतलं आणि म्हणाले, "मी तोवर शेवया खातो. गार झाल्या तर त्या पोरीला काय सांगू?"

शिंपल्यांचा पांढरा रंग सरसावर धरलेला असतो, कोमट पाण्याला तो सुटतो. शिनोएनं मऊ फडकं भिजवून पिळलं आणि पुढे केलं. पुसायचं काम तोमीचंच होतं.

तोमीनं चित्र मांडीवर आडवं घेतलं. आधी भुवई पुसली, चिरेसकट. मग एक डोळा. मग थांबली. "जोरानं पुसू का?"

"नको. हलक्या हातानंच जातं."

जेवून उठलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं तिनं पुसलं. गाल गेले, पुढे आलेला ओठ गेला. खोळीच्या आत नुसतं लाकूड उरलं, त्याच्या रेषांसकट. तात्सुजी शेजारी ताठ बसला होता, पंखा हातात, एकटा.

शिनोएनं वाटीत नवं पांढरं कालवलं. बोटं गारठली होती, कुंचला तोंडाच्या वाफेवर धरावा लागत होता. "आता कशी काढू, सांगा. डोळे? नाक?"

तोमी बराच वेळ लेकाकडे बघत होती. "मी सांगत बसले, म्हणून तर हे झालं," ती शेवटी म्हणाली. "खोळ खाली ओढा तिची. पार खाली. तिकडं गेल्यावर तोच उचलून बघेल."

म्हणून शिनोएनं खोळ उतरवली, भुरभुर बर्फ पडावा तशी, थरावर थर. खाली फक्त हनुवटी ठेवली आणि ओठांची एक तांबडी टिकली. ती गुणगुणत नव्हती. तोमीच म्हणायला लागली, बेसूर, अडखळत:

*कुण्या घरची नवरी, मागं पाहीना वळून*
*दारी उभी माउली, डोळे बर्फानं भरून*

बुवा तोंड पुसत आले, गादीवर बसले. वाटी वाजवली. "नवऱ्याचं नाव?"

"शोजी तात्सुजी."

"नवरीचं?"

"ते ती त्यालाच सांगेल."

"अगं, सूत्रात नाव घ्यावं लागतं."

"तुम्ही नुसतं 'नवरी' म्हणा, बुवा. पोर नवीन आहे, लाजत असेल."

बुवांनी सुस्कारा सोडला आणि सूत्र सुरू केलं.

उतरताना दोघी एकमेकींना धरून उतरल्या, उजवीकडून. पायऱ्यांखाली दुकानाच्या दारातून वाफ बाहेर येत होती, आणि आतून मासायोचा आवाज, रस्त्याच्या पलीकडेही ऐकू जाईल असा: "केन्साकू! पीठ मळतोस की कुरवाळतोस? दे इकडे!"

तोमी थबकली. ऐकत राहिली.

"केवढा आवाज आहे पोरीचा," ती म्हणाली. "माझा तात्सुजी किती हळू बोलायचा. दबलाच असता बिचारा." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. शिनोएनं तिचा हात सोडला नाही.

"आत जायचं? गरम काहीतरी घेऊ."

तोमीनं मान हलवली. तिच्या बाहीत ते ओलं फडकं होतं, तिनं ते काढून पन्हळीच्या पाण्यात धरलं. पाणी थोडा वेळ दुधासारखं झालं, मग पुन्हा नितळ वाहू लागलं.

"आज नको," ती म्हणाली. "तिला एवढं सांगा, पुढच्या सुट्टीला पुलापर्यंत आली की तिथंच थांब म्हणावं. पलीकडून मी येते."